मंदीचं पॅकेज दिल्लीहून सुटतं, शिरोलीला कधी पोचतं?

प्रश्न असा आहे: ‘जागतिक मंदी आली की सरकार राजकोषीय आणि मौद्रिक उपाय करतं, एवढंच पुस्तकात दिलंय. प्रत्यक्षात काय होतं? २००८ सालच्या पॅकेजांचा उपयोग झाला का? झाला असेल तर पुढे बँकांची एवढी कर्जं का बुडाली?’ विचारणारा मुलगा अर्थशास्त्रात एम. ए. करतोय. (राजकोषीय म्हणजे सरकारच्या खर्चाचे आणि करांचे उपाय, मौद्रिक म्हणजे रिझर्व्ह बँकेचे व्याजदराचे आणि पैशाचे.)

मी अर्थशास्त्रज्ञ नाही. एका राष्ट्रीयीकृत बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कोल्हापूर भागात, कर्ज विभागात. २००८ च्या सप्टेंबरमध्ये माझ्या टेबलावर शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्र्या (लोखंडाच्या ओतकामाचे कारखाने), मशिन शॉप्स आणि इचलकरंजीचे काही यंत्रमागवाले होते. त्यामुळे हे उत्तर त्या टेबलावरून दिलेलं आहे. दिल्ली-मुंबईत काय शिजत होतं ते आम्हाला परिपत्रकांतून कळायचं, आणि परिपत्रक आणि खातं यांच्यामध्ये किती अंतर असतं ते गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरून.

१५ सप्टेंबर २००८ ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली. आपल्याकडे तेव्हा चिंता मंदीची नव्हतीच, महागाईची होती. घाऊक महागाई ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांच्या पुढे गेली होती, जुलैमध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरला टेकून आलं होतं आणि रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो दर, ९ टक्क्यांवर नेऊन ठेवला होता. आपल्या बँकांकडे अमेरिकी घरकर्जाचे ते विषारी कागद जवळजवळ नव्हतेच, मग आपल्याला काय होणार, असा एकूण सूर. ‘डिकपलिंग’ हा शब्द त्या काळात फार चालला. अमेरिकेची गाडी घसरली तरी आपला डबा वेगळा, अशी समजूत.

तो डबा जोडलेला होता हे महिन्याभरात कळलं. परदेशी गुंतवणूकदारांनी शेअर विकून डॉलर न्यायला सुरुवात केली. जानेवारीत २१ हजारांवर पोचलेला सेन्सेक्स ऑक्टोबरच्या अखेरीस ८ हजारांखाली गेला. जानेवारीत ३९ च्या आसपास असलेला डॉलर वर्षअखेरीला ५० च्या घरात गेला. रुपया फार पडू नये म्हणून रिझर्व्ह बँक डॉलर विकते. पण डॉलर विकते तेव्हा बदल्यात रुपये घेते, म्हणजे तेवढे रुपये बाजारातून गायब होतात. पुस्तकात ही गोष्ट एका समीकरणात येते, प्रत्यक्षात ती अशी आली: परदेशातून उधारी मिळेनाशी झाल्यावर मोठ्या कंपन्या देशातल्या बँकांच्या दारात आल्या, म्युच्युअल फंडांत ठेवलेले पैसे त्यांनी काढून घेतले, फंडांना पैसे द्यायला रोकड नव्हती, आणि बँका एकमेकींना एका रात्रीसाठी देतात त्या पैशाचा दर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात २० टक्क्यांच्या आसपास गेला. घर अमेरिकेत जळत होतं, पाणी आपल्या विहिरीतलं आटलं.

आता शिरोलीकडे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ट्रकची मागणी एकदम बसली. ट्रक विकत घेणाऱ्याला फायनान्स मिळेना, माल नाही म्हणून भाडं नाही, भाडं नाही म्हणून नवा ट्रक नको. डिसेंबरपर्यंत जड ट्रकांची विक्री आदल्या वर्षीच्या निम्म्यावर आली. पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कारखान्यांनी काही दिवस ‘ब्लॉक क्लोजर’ घेतला, म्हणजे उत्पादनच बंद ठेवलं, की कोल्हापूरच्या फाउंड्रीची भट्टी आठवडाभर थंड. एक फाउंड्रीवाले डिसेंबरात स्टॉक स्टेटमेंट घेऊन आले ते मला आजही आठवतात. समोर बसले आणि म्हणाले, “मॅडम, तीन पाळ्या चालायच्या, आता एक बी पुरी भरंना. लाइटचं बिल मात्र भट्टी पेटली काय अन् विझली काय, डिमांड चार्ज लावून येतंयच.”

या माणसावर मंदी नेमकी कुठून चाल करून आली ते आकड्यांत दाखवते, कारण धोरणाची सगळी गोष्ट इथे कळते. उदाहरणाचे आकडे सोपे घेते. फाउंड्रीला ५० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा आहे, म्हणजे माल आणि येणी तारण ठेवून लागतील तसे तेवढ्यापर्यंत पैसे उचलता येतात. पिग आयर्न, स्क्रॅप, अर्धवट आणि तयार कास्टिंग मिळून ४० लाखांचा माल. त्यातून पुरवठादारांचं देणं १० लाख वजा केलं की उरले ३०. त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे मालकाने स्वतः घालायचा वाटा, सोडलं की साडेबावीस लाख. गिऱ्हाइकांकडून येणं ४० लाख, त्यावरही तेवढंच मार्जिन सोडून ३० लाख. एकूण ड्रॉइंग पॉवर, म्हणजे तारणाच्या हिशेबाने उचलता येणारी रक्कम, साडेबावन्न लाख. मर्यादा ५० ची असल्याने ५० पर्यंत उचलता येतात. आता मोठ्या कंपनीने बिलं लांबवली. ४० पैकी २० लाखांची येणी ९० दिवसांच्या पुढे गेली, आणि एवढी जुनी येणी आम्ही धरत नाही. येण्याचे ३० चे १५ झाले. ड्रॉइंग पॉवर साडेसदतीस लाखांवर आली. मालकाने आधीच ४८ लाख उचललेले आहेत. त्यानंतर त्याने एक रुपयाही जास्त घेतला नाही, कुठे चैन केली नाही, तरी खातं साडेदहा लाखांनी अनियमित झालं. वर पिग आयर्नचा भाव कोसळला की चढ्या भावाने घेऊन ठेवलेल्या मालाची किंमतही घसरते, म्हणजे दुसरी चपराक. आणि खातं असंच ९० दिवस राहिलं तर ते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज.

बँकेने काही मुद्दाम केलं नाही. नियम आपोआप चालला. मंदीत बँका ‘हात आखडता घेतात’ असं आपण म्हणतो, त्यातला निम्मा भाग असा आपोआप आखडलेला असतो.

रिझर्व्ह बँकेने काय केलं? दुव्वुरी सुब्बाराव ५ सप्टेंबरला गव्हर्नर झाले, म्हणजे खुर्चीवर बसून दहा दिवस होतात न होतात तोच लेहमन. ऑक्टोबरपासून पुढच्या सहा-सात महिन्यांत रेपो दर ९ वरून ४.७५ टक्क्यांवर आणला गेला. सीआरआर, म्हणजे बँकांना दर शंभर रुपयांच्या ठेवीमागे रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी ठेवावे लागणारे रुपये, ९ वरून ५ झाला. एकट्या या कपातीतून सुमारे १ लाख ६० हजार कोटी रुपये मोकळे झाले. एसएलआर, म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकांना मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो तो, २५ वरून २४ वर आला. सिडबी, राष्ट्रीय आवास बँक आणि एक्झिम बँक यांना फेरकर्जाची वेगळी खिडकी उघडली. पैशाची टंचाई संपली, आणि ती फार झटकन संपली. त्याबद्दल मी रिझर्व्ह बँकेला पैकीच्या पैकी गुण देईन.

पण धरणातून आवर्तन सुटलं म्हणून टेलच्या शेताला पाणी मिळतंच असं नाही, हे पाटाखाली शेती असलेल्या कुणालाही विचारा. रेपो सव्वाचार टक्क्यांनी उतरला तेव्हा माझ्या फाउंड्रीवाल्याचं व्याज दीड टक्काही उतरलं नव्हतं. का? तेव्हा कर्जाचा दर बीपीएलआर नावाच्या दराला बांधलेला असायचा, आणि तो प्रत्येक बँक आपापल्या हिशेबाने ठरवायची. २००८ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आम्हीच दहा-दहा टक्क्यांनी ठेवी घेतल्या होत्या. ठेवीदाराला तो दर मुदत संपेपर्यंत द्यायचाच आहे. मग कर्ज कुठून स्वस्त करणार? शिवाय पोस्टाच्या अल्पबचतीचे दर सरकारने तसेच ठेवले होते. बँकेने ठेवीचा दर फार उतरवला तर आजोबा उठून पोस्टात जाणार. आणि तिसरं कारण कुणी कागदावर लिहीत नाही. मंदीत बँकेला कर्ज द्यायचंच नसतं. २००९ मध्ये बँका रोज लाख-लाख कोटींच्या वर रक्कम रिव्हर्स रेपोत रिझर्व्ह बँकेकडेच परत नेऊन ठेवत होत्या. सव्वातीन टक्के मिळाले तरी चालेल, पण झोप शांत लागेल.

ही पाझरण्याची व्यवस्था सुधारायला आपल्याला दहा वर्षं लागली: जुलै २०१० मध्ये बेस रेट (ज्याखाली कर्ज द्यायचं नाही असा दर) आला, एप्रिल २०१६ मध्ये एमसीएलआर (बँकेला नवा पैसा किती महाग पडतो त्यावर ठरणारा दर), आणि ऑक्टोबर २०१९ पासून घरकर्जं व लघुउद्योगांची नवी बदलत्या दराची कर्जं थेट रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडली गेली. आज रेपो बदलला की कर्जदाराला तीन महिन्यांच्या आत हप्त्यात फरक दिसतो. २००८ ला ते नव्हतं, हे लक्षात ठेवून त्या वेळच्या दरकपातीचं मोल करा.

आता सरकारचा भाग. मुंबईवर २६ नोव्हेंबरला हल्ला झाला, चिदंबरम गृहखात्यात गेले आणि अर्थखातं काही आठवडे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्याकडेच होतं. पहिलं पॅकेज ७ डिसेंबरला आलं, दुसरं २ जानेवारीला, आणि तिसरी करकपात प्रणव मुखर्जींनी २४ फेब्रुवारीला जाहीर केली. उत्पादन शुल्काचा मुख्य दर १४ वरून १० आणि मग ८ टक्के झाला, सेवाकर १२ चा १० झाला.

शुल्ककपात हा सर्वांत जलद उपाय. अधिसूचना निघाली की दुसऱ्या दिवशी बिलावर दर बदलतो. ना अर्ज, ना मंजुरी, ना साहेबाची सही. पण तिचा फायदा कुणाला? माझ्या टेबलावरच्या बऱ्याच छोट्या युनिट्सची उलाढाल दीड कोटीच्या आत होती, आणि तेवढ्या उलाढालीला उत्पादन शुल्क माफच होतं. शून्यातून किती कमी करणार? जे शुल्क भरत होते त्यांचंही असं की पुढची कंपनी त्याचं सेनव्हॅट क्रेडिट घ्यायची, म्हणजे ते आपल्या शुल्कातून वजा करायची, त्यामुळे कास्टिंगच्या बिलावर ४ टक्के कमी झाले काय आणि जास्त झाले काय, फरक पडत नव्हता. खरा फरक साखळीच्या टोकाला, शोरूममधल्या गाडीच्या किमतीवर पडला. ती विकली गेली तर सहा महिन्यांनी शिरोलीला ऑर्डर.

निर्यात कर्जावर २ टक्के व्याज सवलत दिली ती कापड, चामडं, रत्नं-दागिने अशा मजूर जास्त लागणाऱ्या व्यवसायांना आणि लघुउद्योगांना. ऐकायला छान. इचलकरंजीचा यंत्रमागवाला मात्र बहुतेक वेळा मजुरीवर कापड विणतो. सूत व्यापाऱ्याचं, निर्यातीची ऑर्डर तिसऱ्याच कुणाची. सवलत ज्याच्या नावावर निर्यात कर्ज त्याला. मागवाल्याच्या मजुरीचा दर चार पैशांनीसुद्धा वाढला नाही, त्याच्यापर्यंत काम टिकून राहिलं एवढाच त्याचा वाटा.

याउलट जानेवारीच्या पॅकेजातल्या दोन गोष्टींकडे कुणी फार लक्ष दिलं नाही, आणि माझ्या मते कोल्हापूरला हात दिला तो त्यांनी. एक, जानेवारी ते मार्च २००९ या काळात विकत घेतलेल्या व्यापारी वाहनांवर ५० टक्के घसारा धरायची, म्हणजे किमतीतला तेवढा भाग कराच्या हिशेबात खर्च दाखवायची, सवलत. पुढे ती सप्टेंबरपर्यंत वाढवली. ज्याचा धंदा नफ्यात आहे आणि ज्याला ट्रक आज ना उद्या घ्यायचाच आहे त्याला ही सवलत सांगते की आजच घे, कर वाचेल. मुदत घातलेली सवलत माणसाला हलवते. दुसरी, शहरांच्या बस खरेदीला जेएनएनयूआरएम या शहरांच्या सुविधांसाठीच्या योजनेतून केंद्राने दिलेले पैसे. पुण्याच्या पीएमपीएमएलने, मुंबईच्या बेस्टने, देशभरच्या शहरांनी बसेस घेतल्या. बसला इंजिन लागतं, इंजिनाला सिलिंडर ब्लॉक लागतो, ब्रेक ड्रम लागतात, आणि ते कुठेतरी ओतावे लागतात. २००९ च्या मध्यात माझ्या त्या फाउंड्रीवाल्यांची दुसरी पाळी सुरू झाली तेव्हा त्यांनी ‘बसचं काम आलंय’ असंच सांगितलं होतं. पॅकेजचा पैसा डोळ्यांनी दिसला असं म्हणता येईल असे प्रसंग माझ्या नोकरीत दोन-तीनच.

राज्यांनाही वाढीव कर्ज काढायची मुभा मिळाली, राज्याच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांऐवजी साडेतीन, मग पुढच्या वर्षी ४ टक्के. रस्ते, शाळा, पाणी यांवरचा खर्च प्रामुख्याने राज्यंच करतात, त्यामुळे ही परवानगी वाटते त्यापेक्षा महत्त्वाची.

मात्र २००८-०९ चा सगळ्यात मोठा आधार या तिन्ही पॅकेजांच्या आधीच ठरलेला होता. फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली होती, आधी ६० हजार कोटींची, मग वाढून सुमारे ७१ हजार ६०० कोटींची. सहावा वेतन आयोग ऑगस्टमध्ये मंजूर झाला आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांना जानेवारी २००६ पासूनच्या थकबाकीतली ४० टक्के रक्कम दिवाळीच्या आसपास हातात पडली, उरलेली ६० टक्के पुढच्या वर्षी. रोजगार हमी १ एप्रिल २००८ पासून देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत लागू झाली होती. यातलं काहीही जागतिक मंदी ओळखून केलेलं नव्हतं. निवडणूक जवळ होती, वेतन आयोगाची वेळ आली होती, एवढंच. पण पैसा नेमका योग्य महिन्यात लोकांच्या हातात गेला. ट्रक कोसळले तेव्हा मोटारसायकली विकल्या जात होत्या, त्याचं कारण हेच. सरकारने नंतर १ लाख ८६ हजार कोटींचं, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेतीन टक्क्यांचं प्रोत्साहन दिल्याचं सांगितलं. तो हिशेब बराचसा मूळ अंदाजापेक्षा वाढलेल्या तुटीचाच आहे, आणि त्या तुटीत हे आधीचे खर्च आहेतच. दैव बलवत्तर होतं असं म्हणायला माझी हरकत नाही.

रोजगार हमीवरून एक आडवाट घेते, कारण ही मूळची आपली गोष्ट आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी, पाझर तलावावर माती वाहणारी, सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसं माझ्या आजोळी अजून आहेत. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली ती योजना पुढे कायदा झाली, आणि तिच्यासाठी १९७५ साली शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. पगाराच्या स्लिपवर दरमहा दिसणारे ते २०० रुपये त्याचेच. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला ‘स्वयंचलित स्थिरक’ असं जड नाव आहे: मंदी आली की घोषणेची वाट न बघता जो खर्च आपोआप वाढतो तो. काम मागायला माणसं जास्त आली की खर्च वाढला, कमी आली की उतरला. मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही आणि नंतर कुणी ‘परत घ्या’ म्हणायचीही गरज पडत नाही. माझ्या दृष्टीने मंदीवरच्या कुठल्याही उपायाची ही कसोटी आहे, आणि बहुतेक पॅकेजं तिच्या दुसऱ्या अर्ध्यावर नापास होतात.

बाहेरच्या देशांचं थोडक्यात. अमेरिकेने आधी बँका वाचवायला ७०० अब्ज डॉलरची तरतूद केली, मग फेब्रुवारी २००९ मध्ये ७८७ अब्जांचा खर्च आणि करकपात. तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याज शून्याला टेकवलं. जर्मनीने जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला २,५०० युरो दिले. चीनने नोव्हेंबर २००८ मध्ये ४ लाख कोटी युआन रस्ते, रेल्वे, इमारतींत ओतायचं जाहीर केलं. आणि याचा सगळ्यात ठसठशीत परिणाम आपल्या शेजारी गोव्यात दिसला. गोव्याचं लोहखनिज कमी प्रतीचं, त्याला मुख्य गिऱ्हाईक चीन. चीनने पोलाद गाळायला सुरुवात केली तशी मांडवी-जुवारीतल्या बार्जेसना उसंत राहिली नाही, सांगे-केपे-डिचोलीच्या रस्त्यांवर ट्रकांची रांग लागली, गावागावांत लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले. पुढे बेकायदा उत्खननावरचा शहा आयोगाचा अहवाल आला आणि सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. त्या ट्रकांचे हप्ते कुणी फेडायचे, हा प्रश्न मग गोव्यातल्या बँकांसमोर उभा राहिला. एका सरकारचं पॅकेज दुसऱ्याच्या अंगणात कसं येतं आणि काय ठेवून जातं, याचं इतकं जवळचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

तर उपयोग झाला का? झाला. कामगार ब्युरोच्या पाहणीनुसार ऑक्टोबर ते डिसेंबर २००८ या तीन महिन्यांत सुमारे ५ लाख रोजगार गेले होते, निर्यात वर्षभर घसरत होती. तरी ९ टक्क्यांच्या वर असलेली वाढ त्या वेळच्या आकडेवारीनुसार २००८-०९ मध्ये ६.७ वर थांबली आणि पुढच्या वर्षी ८ टक्क्यांच्या वर गेली. एकही मोठी बँक बुडाली नाही.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. पाणी सोडणं सोपं, दरवाजा बंद करणं अवघड. राजकोषीय तूट २००७-०८ मध्ये अडीच टक्के होती ती पुढच्या वर्षी ६ आणि त्याच्या पुढच्या वर्षी साडेसहाच्या आसपास गेली. शुल्क २०१० च्या अर्थसंकल्पात ८ चं १० केलं, १२ व्हायला २०१२ उजाडलं. महागाई उसळल्यावर रिझर्व्ह बँकेला मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ मध्ये तेरा वेळा दर वाढवावा लागला, पावणेपाचचा साडेआठ. म्हणजे सरकारचा एक पाय ॲक्सिलरेटरवर होता आणि रिझर्व्ह बँकेचा ब्रेकवर, अशी गाडी दीड-दोन वर्षं चालली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया डॉलरला ६८ पर्यंत गेला तेव्हा परदेशी गुंतवणूकदारांना आपली ही तूट आणि महागाई दिसत होतीच.

आणि कर्जं. जानेवारी २००९ च्या सुमारास रिझर्व्ह बँकेने बँकांना एक खास मुभा दिली: १ सप्टेंबर २००८ ला जी खाती सुरळीत होती, त्यांची वेळेत पुनर्रचना केली तर ती एनपीए धरायची नाहीत. वर ड्रॉइंग पॉवरचं उदाहरण दिलं, तसल्या खात्यांसाठी ही संजीवनी होती. साडेदहा लाखांचा अनियमित भाग वेगळा काढून त्याचं मुदत कर्ज करायचं, थकलेलं व्याजही वेगळ्या कर्जात टाकायचं, वर्षभर हप्त्यांना सुट्टी. त्या फाउंड्रीचा असा प्रस्ताव मी केला. वरच्या कार्यालयातून तो तीनदा शंका काढून परत आला. तिसरी शंका अशी होती की ऑर्डर मिळतील याची हमी काय. मार्चअखेरची मुदत जवळ येत होती. मी रागावून काही उपयोग नव्हता, कारण साहेबांची भीती खोटी नव्हती. खातं नंतर बुडालं तर मंदी होती हे कुणी आठवत नाही, सही कुणाची होती ते आठवतं. मंजुरी शेवटच्या आठवड्यात आली. त्या खात्याने २०१२ पर्यंत सगळं फेडलं.

पण तीच मुभा मोठ्या खात्यांनी वेगळी वापरली. वीज प्रकल्प, रस्ते, पोलाद यांची हजारो कोटींची कर्जं. कोळसा नाही, जमीन नाही, परवानगी अडकलेली. तिथे अडचण तीन महिन्यांच्या बिलांची नव्हती, प्रकल्पच उभा राहणार की नाही याची होती. त्यांचीही पुनर्रचना झाली, मग पुन्हा झाली. तात्पुरत्या मंदीसाठी दिलेली सवलत वेगवेगळ्या रूपांत २०१५ च्या मार्चपर्यंत राहिली. त्यानंतर रघुराम राजन गव्हर्नर असताना बँकांच्या मालमत्तेची तपासणी झाली आणि झाकलेलं उघडं पडलं; मार्च २०१८ मध्ये बँकांची थकीत कर्जं ११ टक्क्यांच्या वर गेली. २००८ ची मंदी आणि २०१८ ची बुडीत कर्जं यांच्यामध्ये सरळ रेघ ओढू नका, कारण यातली पुष्कळ कर्जं मंदीच्या आधीच्या तेजीत बेफाम दिलेली होती. पण ती बुडालीत हे आपल्याला सात वर्षं उशिरा कळलं, आणि तो उशीर मात्र त्या मुभेचा.

शेवटचं, २०२०. ती मंदी वेगळ्या जातीची होती. कारखाने सरकारनेच बंद ठेवले होते, एप्रिल ते जून या तिमाहीत उत्पादन जवळजवळ २४ टक्क्यांनी घसरलं. माझी निवृत्ती वर्षभरावर आली होती. मे महिन्यात ३ लाख कोटींची आपत्कालीन कर्ज हमी योजना आली तेव्हा परिपत्रक वाचतानाच जाणवलं की हे लिहिताना कुणाला तरी २००९ आठवत होतं. २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज बाकी असेल त्याच्या २० टक्के जादा कर्ज, नवं तारण नाही, व्याज बँकेला सव्वानऊ टक्क्यांच्या वर लावता येणार नाही, वर्षभर मुद्दल नाही आणि हमी शंभर टक्के सरकारची. २००९ मध्येही हमी होतीच, लघुउद्योगांच्या विनातारण कर्जासाठी. तिची मर्यादा तेव्हा ५० लाखांवरून १ कोटी केली होती. पण त्या मोठ्या कर्जांना हमी निम्म्याच रकमेची मिळायची, आणि उरलेल्या निम्म्यासाठी साहेबांची सही अडायची. या वेळी कर्जदाराने अर्ज करायचा नव्हता. बँकेनेच त्याला कळवायचं, नको असेल तर त्याने तसं सांगायचं.

मी शिरोलीला फोन लावला. आता मुलगा कारभार बघतो, पण फोन वडिलांनीच घेतला. रक्कम सांगितली, कागद काय लागतील ते सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, “मॅडम, या टायमाला तीनदा परत नाही ना यायचं?”